बेटांचे रक्षण कोणासाठी?

देशाच्या संरक्षणाची गोष्ट निघाली की आपली नजर सवयीनेच उत्तरेकडे वळते. काश्मीरची खोरी, लडाखची पठारे, राजस्थानचे वाळवंट, कच्छचे रण ही नावे आपल्या कानांत पक्की बसलेली आहेत. कारण 1947 पासून जी युद्धे आपल्यावर लादली गेली ती प्रायः जमिनीवरच लढली गेली. परंतु भारत जेथे संपतो ती रेषा केवळ जमिनीवरची नाही. बंगालच्या उपसागरात सातशे किलोमीटरांहून अधिक लांबीची अंदमान-निकोबारची माळ आणि अरबी समुद्रात तांदळाच्या दाण्यांसारखी विखुरलेली लक्षद्वीपची बेटे हीही भारताची सीमाच होय. शाळेत भूगोल शिकवताना आमचा असा अनुभव होता की, भारताचा नकाशा काढावयास सांगितला तर वर्गातील निम्मी मुले ही बेटे विसरत, आणि ज्यांस आठवण राहत असे ती कोपऱ्यात चार ठिपके देऊन मोकळी होत. मुलांचे ते विसरणे एका गुणाच्या कपातीने भागत असे. राष्ट्राने तोच विसरभोळेपणा केला तर त्याचे मोल याहून फार मोठे असेल.

आजवर या बेटांचे एक कवच होते आणि ते म्हणजे त्यांचे दूरपण. अंदमानची राजधानी पोर्ट ब्लेअर, जिला 2024 पासून श्री विजयपुरम असे नाव मिळाले आहे, ती चेन्नईपासून हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे आणि बोटीने तेथे पोहोचावयास साधारण तीन दिवस लागतात. जो आपल्या आप्तांपासून दूर तो शत्रूपासूनही दूर, असे समाधान पूर्वी मानता येत होते. क्षेपणास्त्र आणि ड्रोन या दोन शस्त्रांनी ते समाधान हिरावून घेतले आहे. हजार-दोन हजार किलोमीटरांवरून अचूक मारा करणारी क्षेपणास्त्रे आज अनेक राष्ट्रांपाशी आहेत. आणि ड्रोन तर एखाद्या मालवाहू जहाजाच्या डेकवरूनही सोडता येतो. दूरपणाचे कवच गेले. दूरपणाची अडचण मात्र तशीच राहिली. मदत तीन दिवसांनी पोहोचणार आणि संकट काही मिनिटांत, अशी ही विषम स्थिती आहे. तिचा विचार आज, शांततेच्या काळात, करावयाचा की तहान लागल्यावर विहीर खणावयास घ्यावयाची, एवढाच प्रश्न आहे.

आमच्या कामतघरातील वाचक विचारतील की, वऱ्हाळदेवी तलावाच्या काठी बसून निकोबारची चिंता करण्याचे प्रयोजन काय? प्रश्न गैर नाही. ज्या गावात मागाचा खडखडाट थांबला तर संध्याकाळची चूल थांबते, त्या गावाने आपल्या पोटापाण्याच्या गोष्टी आधी पाहाव्यात हे स्वाभाविकच आहे. परंतु पोटापाण्याची वाटच समुद्रावरून येत असेल तर? आमच्या मागांवर चढणारे कृत्रिम सूत खनिज तेलापासून बनते आणि ते तेल बहुतांशी बोटीतून येते. मानकोली, दापोडे, पूर्णा, वळ या पट्ट्यातील गोदामांत जो माल रचलेला असतो त्यातील कितीतरी माल न्हावा-शेवाच्या बंदरात उतरलेला असतो. 23 डिसेंबर 1983 साली नव्हे, तर 23 डिसेंबर 2023 रोजी, म्हणजे अगदी अलीकडे, सौदी अरेबियाहून मंगळूरकडे निघालेल्या 'केम प्लूटो' या तेलवाहू रसायन-जहाजावर गुजरातच्या किनाऱ्यापासून दूर अरबी समुद्रात ड्रोनने आघात केला. जहाजावर वीस भारतीय खलाशी होते. सुदैवाने कोणी दगावले नाही. जहाज मुंबईस आणले गेले आणि आपल्या नौदलास अरबी समुद्रात विनाशिका धाडाव्या लागल्या. येमेनच्या किनाऱ्यावरची किंवा पश्चिम आशियातील भांडणे आपल्या दाराशी येऊन ठेपली आहेत याचा यापेक्षा निराळा पुरावा कशास हवा? मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरांवर भर समुद्रात उभ्या असलेल्या मुंबई हायच्या तेलविहिरी म्हणजे तरी दुसरे काय आहे? 1974 साली जेथे तेल सापडले ती ही माणसाने उभारलेली लोखंडाची बेटेच आहेत, आणि त्यांवर आपल्याच घरांतील तरुण पाळ्या करीत असतात.

शिवाय या भूमीचे समुद्राशी नाते केवळ व्यापाराचे नाही. शिवाजीमहाराजांनी 1657 साली कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाड्यांच्या आश्रयाने स्वराज्याच्या आरमाराचा आरंभ झाला. कल्याण, भिवंडी आणि पनवेल येथे युद्धनौका बांधल्या जात असल्याची धास्ती 1659 मधील पोर्तुगीज पत्रव्यवहारात उमटलेली आहे. ज्या गावाच्या खाडीत मराठ्यांच्या पहिल्या गलबतांचे सांगाडे उभे राहिले त्या गावाने बेटांच्या रक्षणाविषयी बोलू नये, तर कोणी बोलावे?

आणि बेटाच्या रक्षणाचा एक धडा तर आपल्या इतिहासात अगदी ठसठशीत लिहिलेला आहे. अलिबागजवळ थळच्या समोर खांदेरी नावाचे छोटेसे बेट आहे. 1679 च्या पावसाळ्यात महाराजांनी त्यावर तटबंदी सुरू केली. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचे ठाणे उभे राहणार हे पाहून इंग्रजांनी आपली जहाजे बेटाभोवती आणून उभी केली. 18 ऑक्टोबर 1679 रोजी मराठ्यांच्या छोट्या गलबतांनी इंग्रजांच्या ताफ्यावर झडप घातली. 'डव्हर' हे गुराब त्यांच्या हाती लागले. 'रिव्हेंज' या मोठ्या जहाजाने तोफांच्या बळावर टिकाव धरला. समोरासमोरच्या तोफांच्या लढाईत इंग्रजांची मोठी जहाजे भारी होती हे मान्य केले पाहिजे. परंतु रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून, वल्ही मारीत मराठ्यांचे मचवे बेटावर दाणागोटा आणि दारूगोळा पोहोचवीत राहिले, आणि वाऱ्यावर अवलंबून असलेल्या त्या अवजड जहाजांना त्यांस अडवणे जमले नाही. 1680 च्या आरंभी इंग्रजांनी नाद सोडला. खांदेरी मराठ्यांची राहिली. आज तिचा समावेश मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांना 2025 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत झालेला आहे.

या धड्याचे दोन भाग आहेत आणि दोन्ही आजच्या प्रश्नाला तंतोतंत लागू पडतात. पहिला असा की, लहान आणि स्वस्त साधन संख्येने पुष्कळ असले तर ते मोठ्या आणि महागड्या साधनाला जेरीस आणते. दुसरा असा की, बेट तोफेने जितके राखले जाते त्याहून अधिक ते रसदेने राखले जाते.

पहिल्या भागाचा विचार आधी करू. आजचा ड्रोन म्हणजे जणू त्या काळचा मचवा. काही दहा हजार डॉलरांत तयार होणारा ड्रोन पाडण्यासाठी तांबड्या समुद्रात अमेरिकेच्या नौदलाला सुमारे वीस लाख डॉलर किमतीची क्षेपणास्त्रे डागावी लागली. असे गणित ज्या शाळेत शिकवले जात असेल त्या शाळेतील व्यापारी लवकरच दिवाळे काढील. शत्रूने शंभर स्वस्त ड्रोन पाठवावेत, आपण शंभर महागडी क्षेपणास्त्रे त्यांच्यावर खर्च करावीत, आणि कोठार रिकामे झाल्यावर खरे क्षेपणास्त्र यावे, हाच आजच्या लढाईचा डाव आहे. मुख्य भूमीवर कोठार रिते झाले तर रेल्वेने, ट्रकने दुसरे येते. बेटावर काय येणार?

या बाबतीत मे 1965 मध्ये नव्हे, तर मे 2025 मध्ये आपल्या पश्चिम सीमेवर आलेला अनुभव मोलाचा आहे. 'ऑपरेशन सिंदूर'च्या काळात 8 आणि 9 मेच्या दरम्यानच्या रात्री पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत 36 ठिकाणी सुमारे 300 ते 400 ड्रोन पाठवले असे आपल्या सरकारने सांगितले. त्यांचा समाचार घेण्यात एस-400 आणि आकाश यांसारख्या क्षेपणास्त्रांचा वाटा होताच. परंतु ड्रोनच्या थव्याशी झुंजण्याचे मोठे काम एल-70 या विमानवेधी तोफांनी केले. ही तोफ 1960 च्या दशकापासून आपल्या सैन्यात आहे! नवे रडार आणि नवी नजर तिला बसवली, तर तिचा स्वस्त गोळा स्वस्त ड्रोनला पुरून उरतो असे दिसून आले. त्याच्या जोडीला ड्रोनचा आपल्या चालकाशी असलेला संपर्क तोडणारी, त्याला वाट चुकवणारी विद्युत्‌यंत्रे आहेत. महागडे क्षेपणास्त्र महागड्या क्षेपणास्त्रासाठीच राखून ठेवावे आणि ड्रोनसाठी तोफ, संपर्कभंग व प्रकाशकिरणांची शस्त्रे वापरावीत, ही शहाणपणाची वाट आहे. अंदमान आणि लक्षद्वीपच्या संरक्षणाची आखणी करताना ती प्रथम चोखाळावयास हवी.

तथापि जमिनीवरचा अनुभव बेटावर जसाच्या तसा नेता येत नाही. 13 आणि 14 एप्रिल 2024 च्या रात्री इराणने इस्रायलवर तीनशेहून अधिक ड्रोन व क्षेपणास्त्रे सोडली आणि त्यांतील बहुतेक वाटेतच पाडली गेली. याचे कारण केवळ इस्रायलची यंत्रणा नव्हे. मध्ये हजार किलोमीटरांहून अधिक रुंदीचा भूप्रदेश होता. त्यावर मित्रराष्ट्रांची रडारे व विमाने होती. ड्रोनांना पोहोचावयास तासन् तास लागले. बेटाच्या चहूबाजूंस समुद्र असतो. पाण्याला चिकटून येणारे क्षेपणास्त्र पृथ्वीच्या गोलाईआड लपते आणि बेटावरील रडारला ते अगदी जवळ आल्यावरच दिसते. म्हणून बेटाचे डोळे बेटावर असून भागत नाहीत. ते आकाशात फिरणाऱ्या विमानांत, समुद्रावरील गस्तनौकांत आणि उपग्रहांत असावे लागतात. आणि हल्ला कोणत्याही दिशेने येऊ शकतो म्हणून ते डोळे चारी दिशांना उघडे असावे लागतात.

युक्रेनजवळच्या काळ्या समुद्रातील सर्पद्वीपाची कथा हेच सांगते. 24 फेब्रुवारी 2022 रोजी, युद्धाच्या पहिल्याच दिवशी, रशियाने ते बेट घेतले. परंतु घेतलेले बेट राखता येईना. युक्रेनच्या किनाऱ्यावरून तोफा, क्षेपणास्त्रे आणि ड्रोन यांचा मारा सुरू झाला. त्या भागात रशियन आरमाराला छत्र देणारी 'मॉस्क्वा' ही नौका एप्रिलमध्ये बुडाली. रसद घेऊन जाणाऱ्या बोटी टिपल्या गेल्या. आणि 30 जून रोजी रशियाने बेट सोडले. एवढ्या बलाढ्य राष्ट्राला एक खडकाळ बेट चार महिन्यांहून फार काळ सांभाळता आले नाही, कारण तेथे आकाशाचे छत्र फाटले होते आणि रसदेची दोरी तुटली होती.

अमेरिकेने हा धोका ओळखून प्रशांत महासागरातील ग्वाम या आपल्या बेटाभोवती संरक्षणाचे कडे उभारावयास घेतले आहे. सुमारे पावणेदोन लाख वस्तीच्या त्या बेटावर 2013 पासून क्षेपणास्त्रभेदी तोफखाना आहे. आता चारी दिशांनी येणारा मारा अडवता यावा म्हणून बेटावर सोळा ठिकाणी रडारे व क्षेपणास्त्रे मांडण्याची योजना आहे, आणि डिसेंबर 2024 मध्ये तेथून एका क्षेपणास्त्राचा आकाशात भेद करण्याची पहिली चाचणीही झाली. जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्राला एका बेटासाठी इतके करावे लागत असेल, तर शेकडो बेटांच्या दोन माळा राखणाऱ्या भारतापुढचे काम किती अवघड आहे हे सांगावयास नको.

भारत स्वस्थ बसला आहे असे आम्ही म्हणत नाही. 2001 साली अंदमान-निकोबारमध्ये भूदल, नौदल व वायुदल यांचे देशातील पहिले संयुक्त मुख्यालय स्थापन झाले. निकोबारच्या दक्षिण टोकाकडे कॅम्पबेल बे येथे 2012 साली 'आयएनएस बाझ' हा तळ सुरू झाला. त्याच वर्षी लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला 'द्वीपरक्षक' आणि मार्च 2024 मध्ये मिनिकॉयला 'जटायू' हे तळ कार्यान्वित झाले. 15 ऑगस्ट 2025 रोजी पंतप्रधानांनी 2035 पर्यंत देशाला हवाई संरक्षणाचे व्यापक कवच देणाऱ्या 'सुदर्शन चक्र' योजनेची घोषणा केली. ही पावले योग्य दिशेची आहेत आणि त्यांचे आम्ही स्वागत करतो. आमचे म्हणणे वेगळेच आहे, आणि ते म्हणजे या सर्व चर्चेत एका गोष्टीचा उच्चार फार क्वचित ऐकू येतो. ती गोष्ट म्हणजे त्या बेटांवर राहणारी माणसे.

युद्धशास्त्रातील पंडितांना अशा बेटांना 'न बुडणारी विमानवाहू नौका' म्हणण्याची हौस आहे. उपमा ठसकेबाज आहे, पण ती आम्हांस पटत नाही. विमानवाहू नौकेवर सैनिक असतात. त्यांनी लढण्याची शपथ घेतलेली असते. अंदमान-निकोबारवर 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 3 लाख 80 हजार आणि लक्षद्वीपवर सुमारे 64 हजार माणसे राहतात. त्यांत नारळाच्या वाडीत राबणारे आहेत, मासेमारी करणारे आहेत, फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची कुटुंबे आहेत, शाळेत जाणारी मुले आहेत, आणि कोणत्याही जनगणनेच्या फार आधीपासून तेथे नांदणारे निकोबारी, शोम्पेन, जारवा हे लोक आहेत. ज्या जहाजावर पाळणे टांगलेले आहेत ते जहाज विमानवाहू नौका नव्हे. ते गाव आहे.

गावाला विसरून चौकीचाच विचार केला म्हणजे काय होते हे अंदमानने एकदा भोगलेले आहे. 1942 च्या मार्चमध्ये जपानी आरमार येत आहे हे कळताच ब्रिटिशांनी आपली शिबंदी काढून घेतली. 23 मार्च रोजी जपानी उतरले, तेव्हा प्रतिकार करावयास जवळजवळ कोणी उरलेच नव्हते. साम्राज्याच्या दृष्टीने एक चौकी सोडली गेली. द्वीपवासीयांच्या दृष्टीने साडेतीन वर्षांचा काळोख सुरू झाला. 30 डिसेंबर 1943 रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, तो दिवस राष्ट्राच्या स्मृतीत उजळून राहिला आहे; परंतु त्यानंतर जेमतेम पंधरा दिवसांनी, डॉ. दिवाणसिंग 'कालेपानी' हे कवी-वैद्य सेल्युलर जेलमध्ये जपान्यांच्या छळाने मृत्यू पावले, आणि महिनाअखेरीस होम्फ्रेगंज येथे 44 निरपराध भारतीय हेरगिरीच्या संशयावरून गोळ्या घालून मारले गेले, हे किती जणांस ठाऊक आहे? ज्या तुरुंगाचे नाव सावरकरांमुळे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले, त्याच तुरुंगाच्या भिंतींनी दुसऱ्या राजवटीत हेही पाहिले. युद्धाच्या अखेरीस बेटाची समुद्रावरची वाट तुटली तेव्हा अन्नाचा दुष्काळ पडला आणि निरुपयोगी तोंडे कमी करावीत म्हणून शेकडो लोकांना समुद्रात लोटून देण्यापर्यंत मजल गेली. रसद तुटलेल्या बेटावर पहिला बळी सैनिकाचा पडत नाही. तो सामान्य माणसाचा पडतो.

याच्या उलट टोकाचे उदाहरण हिंदी महासागरातच आहे. दिएगो गार्सिया या बेटावर लष्करी तळ उभारता यावा म्हणून 1968 ते 1973 या काळात ब्रिटिशांनी चागोस द्वीपसमूहातील मूळ रहिवाशांना त्यांच्या घरांतून उठवून मॉरिशस व सेशेल्सला नेऊन टाकले. माणसेच नकोत म्हणजे त्यांच्या रक्षणाचा प्रश्नच उरत नाही! साम्राज्यांना हा तोडगा सुचतो. प्रजासत्ताकाला तो शोभत नाही. एकाने माणसे शत्रूच्या हवाली केली, दुसऱ्याने ती हुसकून लावली. दोन्ही ठिकाणी विचार एकच होता की, बेट महत्त्वाचे, माणूस नव्हे. भारताचा विचार याहून भिन्न असला पाहिजे आणि तो कृतीतून दिसला पाहिजे.

ही कृती कोणती? आमच्या मते बेटांच्या संरक्षणाच्या कोणत्याही योजनेला चार प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न भोंग्याचा. क्षेपणास्त्र सुटल्याची वर्दी मुख्यालयाला मिळाल्यापासून ती कॅम्पबेल बेच्या शाळेतील मास्तरांपर्यंत आणि कवरत्तीच्या मच्छीमारापर्यंत किती मिनिटांत पोहोचते? मे 2025 मध्ये ठाण्यासह देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला तेव्हा आपल्या भागातही भोंगे वाजले. 1965 आणि 1971 सालच्या काळोख्या रात्री ज्या वडीलधाऱ्यांनी काचांना काळे कागद चिकटवून काढल्या त्यांना त्याचा अर्थ लगेच उमगला. बेटांवर असा सराव वर्षातून एकदा नव्हे, तर ऋतुमानासारखा नेमाने व्हावयास हवा.

दुसरा प्रश्न आसऱ्याचा. वर्दी मिळाल्यावर माणसाने जावे कोठे? लक्षद्वीपची सारी जमीन मिळून 32 चौरस किलोमीटर. समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच. तेथे खोल तळघर खणू गेल्यास पाणी लागते. म्हणून शाळा, दवाखाने, समाजमंदिरे यांच्या इमारतीच इतक्या मजबूत बांधल्या पाहिजेत की त्या वादळातही उपयोगी पडाव्यात आणि हल्ल्यातही. हा खर्च वाया जाणारा नाही. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीने कार निकोबारचा हवाई तळ उद्ध्वस्त केला. वायुदलाचे शंभराहून अधिक जवान आणि त्यांचे कुटुंबीय त्यात गेले. धावपट्टीचा जो भाग शाबूत राहिला त्याच्याच आधारावर मदतीची विमाने तेथे उतरू शकली. त्या दिवशी शत्रू नव्हता, समुद्र होता. पण आसरा, धावपट्टी, पाणी, औषध यांची गरज तीच होती.

तिसरा प्रश्न कोठाराचा. अंदमान व लक्षद्वीपची वीज मुख्यतः डिझेलच्या जनित्रांवर चालते आणि ते डिझेल बोटीने येते. तेलाच्या चार टाक्या फुटल्या की दिवे, पाणी आणि इस्पितळ एकदम बंद पडणार, अशी अवस्था असता कामा नये. टाक्या विखुरलेल्या व मातीआड असाव्यात. सूर्यावर चालणारी वीज वाडीवाडीतून असावी. धान्य व औषधे कित्येक महिने पुरतील इतकी असावीत. चेन्नईपासून अंदमानपर्यंत 2020 साली आणि कोचीपासून लक्षद्वीपपर्यंत 2024 साली समुद्रतळाची तार पोहोचली, हे उत्तम झाले. पण एका तारेवर भरवसा ठेवून झोपणे शहाणपणाचे नाही. फुटलेली धावपट्टी काही तासांत बुजवणारी पथके व सामग्री बेटावरच हवी, चेन्नईच्या गोदामात नव्हे. ही कामे दिसावयास लहान आहेत, त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत छापून येत नाहीत. आमचे मागवाले जाणतात की, धागा तुटला तर महागातला महाग माग उभाच राहतो. बेटाचे रक्षण अशाच धाग्यांवर चालते.

चौथा प्रश्न संमतीचा. ग्रेट निकोबारमध्ये बंदर, विमानतळ आणि नगर उभारण्याची मोठी योजना हाती घेण्यात आली असून तिच्यासाठी सुमारे 130 चौरस किलोमीटर जंगल वळवले जावयाचे आहे. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी असलेल्या या बेटाचे लष्करी महत्त्व आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याच जंगलात शोम्पेन राहतात, आणि त्सुनामीने किनाऱ्यावरून उठवलेल्या निकोबारींना आपल्या जुन्या गावी परतावयाचे आहे. आरमारावर स्वतंत्र प्रकरण लिहिणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात जहाजांसाठी लाकूड कोठून घ्यावे याचा विचार करताना रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावू नये, लेकरासारखी वाढवलेली ती झाडे बळाने तोडली तर रयतेच्या दुःखाला पार उरत नाही, अशा आशयाची ताकीद आहे. सतराव्या-अठराव्या शतकातील राज्यकर्त्यांना जे कळले ते एकविसाव्या शतकातील शासनाला कळू नये काय? जी रयत आपल्या झाडाखाली सुखाने बसलेली आहे, तीच समुद्रावर अनोळखी बोट दिसताच पहिली वर्दी देते. दुखावलेली रयत पाठ फिरवते, आणि मग कोट्यवधींची रडारेही आंधळी ठरतात.

या मतावर दोन आक्षेप येतील. एक असा की, बेटांवर शस्त्रे मांडणे म्हणजे शत्रूस बोलावणे. निःशस्त्र राहिल्यास कोण कशाला मारील? 1942 चे अंदमान निःशस्त्रच होते. ज्याचे मोक्याचे स्थान हेच आमिष आहे, त्याला शस्त्र टाकून ते स्थान टाकता येत नाही. दुसरा आक्षेप याच्या उलट की, आधी क्षेपणास्त्रे येऊ द्या, दवाखाने आणि तळघरे मागाहून पाहू. हा आक्षेप अधिक धोक्याचा आहे, कारण तो व्यवहारी वाटतो. कोणतेही कवच अभेद्य नसते. शंभरांतील पाच सुटले तरी ते पाच कोठेतरी पडणारच. ते पडल्यावरही बेट उभे राहते की नाही, हे बेटावरील माणसाच्या धीरावर ठरते. आणि धीर हा घोषणेने येत नाही, तो तयारीने येतो. आपल्याला मरण्यासाठी मांडलेले नाही, राखण्यासाठी आपली तयारी आहे, हा विश्वास ज्या वस्तीला वाटतो तीच वस्ती टिकते.

शेवटी एक गोष्ट. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप या दोन्ही प्रदेशांना स्वतःची विधानसभा नाही. लोकसभेत प्रत्येकाचा एकेक सदस्य बसतो. 543 जणांच्या सभागृहात दोन आवाज! आपल्या भिवंडीतला रस्ता खचला तर नगरसेवकापासून खासदारापर्यंत कोणाच्याही दारात आपण उभे राहू शकतो. मिनिकॉयच्या मच्छीमाराला किंवा नानकौरीच्या निकोबारी कुटुंबाला ती सोय फारशी नाही. म्हणूनच त्यांच्या वतीने बोलण्याचे कर्तव्य मुख्य भूमीवरील नागरिकांचे, त्यांच्या प्रतिनिधींचे आणि वृत्तपत्रांचे आहे. 'सुदर्शन चक्रा'चा आराखडा जेव्हा संसदेपुढे येईल तेव्हा त्यात रडारांची व क्षेपणास्त्रांची यादी असेलच. महाराष्ट्राच्या खासदारांनी त्या वेळी उठून विचारावे की, या यादीत बेटांवरील भोंगे, आसरे, इस्पितळे आणि कोठारे कोठे आहेत, आणि त्यांवर किती खर्च धरला आहे. खांदेरीवर रात्री-अपरात्री मचव्यांतून दाणागोटा पोहोचवणाऱ्या कोळी-भंडाऱ्यांचे जे वारस म्हणवतात, त्यांच्या तोंडी हा प्रश्न शोभून दिसेल. आणि तो विचारला गेला नाही, तर पुढे कोणत्या तोंडाने आपण त्या बेटांना आपली म्हणणार आहोत?